तो झरा कुणाच्या हद्दीतला?

हंगेरीत संगीतकार आणि लोकगीतांचा संग्राहक बेला बार्टोक याचं नाव निघालं की 'फक्त स्वच्छ झऱ्यातून' हे शब्द हमखास मागोमाग येतात. लोकसंगीताच्या चळवळीपासून राष्ट्रीय संस्कृतीवरच्या भाषणांपर्यंत ते ब्रीदासारखे वापरले जातात. वापरणारा त्यांचा अर्थ आपल्या सोयीने लावतो: परक्याचं मिसळलं की गढूळ, आपलं तेवढं निर्मळ.

हे शब्द येतात बार्टोकच्या १९३० च्या 'कांताता प्रोफाना' या गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेत. गोष्ट अशी, की एका म्हाताऱ्या बापाला नऊ मुलगे असतात. त्यांना त्याने कसलाच कामधंदा शिकवलेला नसतो, शिकवलेली असते फक्त शिकार. रानात माग काढता काढता ते नऊही जण स्वतःच सांबरं होतात. बाप शोधत येतो आणि नकळत त्यांच्यावरच नेम धरतो. तेव्हा थोरला मुलगा बोलतो. आमची शिंगं आता घराच्या दारातून आत मावायची नाहीत, आमची तोंडं आता पेल्याला लागायची नाहीत, ती पाणी पिणार फक्त स्वच्छ झऱ्यातून. रचना ऐकताना या जागी अंगावर काटा येतो, आणि घोषवाक्य म्हणून हीच ओळ का उचलली गेली हेही कळतं. फक्त एक गोष्ट उचलणारे सहसा सांगत नाहीत. हे गाणं हंगेरियन नाहीच. नाताळच्या दिवसांत रुमानियन खेड्यांमध्ये दारोदार गायल्या जाणाऱ्या 'कोलिंदा' गाण्यांपैकी ते आहे. तेव्हा हंगेरीच्या राज्यात असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियातल्या रुमानियन गायकांकडून बार्टोकने ते १९१४ मध्ये उतरवून घेतलं आणि पुढे स्वतःच हंगेरियनमध्ये आणलं.

म्हणजे राष्ट्रीय शुद्धतेचं ब्रीद शेजाऱ्याच्या घरून आलेलं आहे. ही नुसती गंमत म्हणून सोडून देण्यासारखी बाब मला वाटत नाही. देशाचं संगीत 'शुद्ध' राखण्याचं काम सरकारांनी आणि संस्कृतिरक्षकांनी अंगावर घ्यावं का, हा वाद युरोपात शंभर वर्षं चालू आहे. त्यात बार्टोकला साक्षीला बोलावणाऱ्यांनी त्याची साक्ष शेवटपर्यंत ऐकून घ्यायला हवी. ती त्यांच्या विरुद्ध जाते. आणि ती कुणा उदारमतवादी खुर्चीतल्या विचारवंताची साक्ष नाही. हा माणूस अस्सल हंगेरियन संगीत शोधायला निघाला होता.

तरुण बार्टोक तर चांगलाच कडवा होता. १९०३ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने आईला लिहिलं की आयुष्यभर मी एकाच ध्येयाची सेवा करणार, हंगेरियन राष्ट्राच्या भल्याची. घरात जर्मन बोलू नका, असा त्याचा आईमागे आणि बहिणीमागे लकडा असे. आता या आईची मातृभाषाच जर्मन, तेव्हा त्या घरात काय चाललं असेल याची कल्पना करावी. त्याच सुमारास त्याने ऑस्ट्रियाविरुद्धच्या १८४८ च्या उठावाचा नेता कोशूत याच्यावर वाद्यवृंदासाठी मोठी रचना केली. तीत शत्रूच्या जागी ऑस्ट्रियाचं राजगीत मुद्दाम वेडंवाकडं करून वाजवलं जातं. जानेवारी १९०४ मध्ये बुडापेस्टला पहिला प्रयोग होण्याआधी वाद्यवृंदातल्या ऑस्ट्रियन वादकांनी त्यावर कटकट केली. पण मजा अशी की हे देशभक्तीचं संगीत बांधणीने सरळसरळ रिखार्ड श्ट्राउस या जर्मन संगीतकाराच्या वळणाचं, म्हणजे जर्मन. वर जे हंगेरियन लेणं चढवलं होतं ते शहरी कॉफीहाऊसमधल्या बँडचं. लिस्ट आणि ब्राम्स या संगीतकारांनी जगाला 'हंगेरियन' म्हणून ओळख करून दिली ती याच संगीताची.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तो एका खेडेगावात मुक्कामाला असताना शेजारच्या खोलीतून एक मोलकरीण गाताना ऐकू आली. लिडी डोशा, ट्रान्सिल्व्हेनियाची, वयाने अठराची. चिखलात पडलेल्या लाल सफरचंदाचं गाणं होतं. ही चाल कॉफीहाऊसमध्ये कधी ऐकलेली नव्हती. पुढच्या वर्षी झोल्तान कोदाय हा तरुण संगीतकार भेटला आणि दोघांनी फोनोग्राफ घेऊन खेडी पालथी घालायला सुरुवात केली. मेणाच्या नळकांड्या, पत्र्याचा कर्णा, एका नळकांड्यावर जेमतेम दोन-चार मिनिटं. गाणारीला कर्ण्यात तोंड घालून गायला लावायचं, मग घरी येऊन तीच नळकांडी पुन्हापुन्हा लावत एकेक हरकत कागदावर उतरवायची.

या भटकंतीतला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्तेफी गेयर या व्हायोलिनवादक तरुणीला लिहिलेल्या पत्रात बार्टोकने एका खेडवळ बाईशी झालेला संवाद नाटुकल्यासारखा लिहून काढला आहे. तो तिच्याकडे जुनी, गावातली, आईकडून शिकलेली गाणी मागतो. ती त्याला देवाची गाणी म्हणून दाखवते. ते नको म्हटलं तर बाजारात चालणारं एखादं गाणं. तेही नको म्हटलं तर पुन्हा देवाचं. दोघंही वैतागतात. पत्र विनोदी आहे आणि हसू येतं ते त्या बाईचं. मला मात्र अलीकडे वाटायला लागलंय की त्या संवादात शहाणी तीच होती. तिच्या लेखी चर्चमधलं, जत्रेतलं, आईचं, शेजारणीचं असे कप्पे नव्हतेच. जे तिला येत होतं ते तिचं होतं. कप्पे घेऊन आला होता तो शहरातून आलेला पाहुणा.

आता या पाहुण्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कप्पे त्याने आणले, पण कप्प्यात न बसणारा माल त्याने दडवला नाही. हंगेरियन चाली गोळा करायला निघालेला हा माणूस वर्षाभरात स्लोव्हाक गावांत पोचला, मग रुमानियन गावांत. १९१३ मध्ये तर अल्जीरियात बिस्क्राच्या ओॲसिसपर्यंत गेला. आयुष्याच्या शेवटी हिशेब मांडला तर सुमारे २,७०० हंगेरियन चाली, सुमारे ३,००० स्लोव्हाक आणि सुमारे ३,४०० रुमानियन. 'आपल्यां'पेक्षा शेजाऱ्यांच्या जास्त. बिहोर प्रांतातल्या रुमानियन गाण्यांचा त्याचा संग्रह १९१३ मध्ये बुखारेस्टच्या रुमानियन अकादमीने छापला.

तो शेजाऱ्यांकडे का गेला? त्याला मानवजातीविषयी उमाळा आला होता, हे उत्तर सोपं आहे आणि अर्धवट आहे. खरं कारण कामाच्या स्वरूपात आहे. एखादी चाल हंगेरियन आहे असं म्हणायचं तर ती पलीकडच्या गावात गायली जात नाही हे दाखवावं लागतं. ते पाहायला पलीकडे गेलं की ती तिथेही सापडते, जरा वेगळ्या अंगाने. मग प्रश्न पडतो, कुणी कुणाकडून घेतली? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता 'कुणाची' हा प्रश्नच हळूहळू विरघळतो. शुद्धतेचा शोध नेटाने, पुराव्यानिशी घेतला तर तो माणसाला शुद्धतेच्या बाहेर नेऊन सोडतो. बार्टोकला त्याच्या वह्यांनी तिथे नेलं.

त्याने हे कसं घडतं तेही सांगितलं आहे. १९४२ मध्ये न्यूयॉर्कला असताना, तिकडे युरोपात वंशाच्या नावावर कत्तली चालू असताना, त्याने संगीतातल्या वंशशुद्धीवर एक छोटा लेख लिहिला. त्यात तो म्हणतो, समजा एखादी हंगेरियन चाल स्लोव्हाकांनी उचलली. त्यांच्या तोंडी ती स्लोव्हाक होते. तीच चाल काही काळाने हंगेरियनांनी परत उचलली, की ती पुन्हा हंगेरियन होते, पण सुदैवाने आता ती मूळ चालीसारखी राहिलेली नसते. 'सुदैवाने' हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाकी कुणी असता तर तिथे 'दुर्दैवाने' लिहिलं असतं. देवाणघेवाणीने चाली वाढतात, त्यांना फाटे फुटतात, आणि भोवती भिंत घातली की संगीत आटतं, हा त्याचा निष्कर्ष.

यावर कुणी विचारेल, सगळंच मिसळलेलं असेल तर मग 'हंगेरियन' म्हणण्यासारखं उरतं काय? पुष्कळ उरतं. हंगेरियनमध्ये शब्दाचा जोर नेहमी पहिल्या अक्षरावर येतो आणि लघु-गुरूचा भेद काटेकोर असतो. बाहेरून आलेली सपाट लयीची चाल या भाषेचे शब्द पोटात घेते तेव्हा शब्दांच्या लघु-गुरूप्रमाणे वाकते आणि तिला तो खटकेदार ठेका चढतो. चाल कुठून आली याने ती हंगेरियन ठरत नाही, इथे आल्यावर तिचं काय झालं याने ठरते. भाषेतल्या शब्दांचंही असंच असतं, आणि तिथे ते आपण विनातक्रार मान्य करतो.

जुन्यातल्या जुन्या थराचं काय? पाच स्वरांच्या, वरून खाली उतरत येणाऱ्या, पहिला अर्धा भाग पाच स्वर खाली जसाच्या तसा पुन्हा म्हणणाऱ्या चाली, यांना तर बार्टोकने स्वतःच हंगेरियन संगीताचा सर्वांत प्राचीन ठेवा म्हटलं होतं. नोव्हेंबर १९३६ मध्ये तो तुर्कस्तानात अदानाच्या परिसरात गेला. बरोबर तरुण तुर्की संगीतकार अहमद अद्नान सायगुन होता. सत्तरीच्या एका म्हाताऱ्याने पहिलंच गाणं सुरू केलं आणि बार्टोकचा कानांवर विश्वास बसेना, कारण चाल थेट एका जुन्या हंगेरियन चालीची बहीण होती. पुराणमतवाद्यांना हा पुरावा आवडतो, आमचं नातं थेट आशियाच्या गवताळ मैदानांशी म्हणून. त्यांनी तो जरूर मिरवावा. पण सर्वांत 'आपलं' जे, तेही अदानाच्या भटक्यांशी वाटून घेतलेलं निघालं, एवढं त्याच दमात सांगावं.

या सगळ्याची किंमत बार्टोकला दोन्हीकडून मोजावी लागली. पहिल्या महायुद्धानंतरच्या, १९२० च्या ट्रायानॉन तहाने हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख गेला. त्याच्या लहानपणाचा नकाशाच फाटला. जन्मगाव नॉद्यसेंतमिक्लोश रुमानियात गेलं, अकराव्या वर्षी जिथे पहिल्यांदा जाहीरपणे पियानो वाजवला ते नॉद्यसोलोश आज युक्रेनमध्ये आहे, आणि ज्या पोझोन्यमध्ये त्याचं शिक्षण झालं ते ब्रातिस्लाव्हा होऊन आज स्लोव्हाकियाची राजधानी आहे. नेमक्या त्याच वर्षी हुन्याद प्रांतातल्या रुमानियनांच्या संगीतावरचा त्याचा लेख एका जर्मन नियतकालिकात आला आणि बुडापेस्टच्या वर्तमानपत्रांनी त्याला देशद्रोही ठरवायचंच बाकी ठेवलं. देशाचे लचके तोडले जात असताना हा रुमानियनांचं कौतुक करतोय! तोच लेख १९१४ मध्ये हंगेरियनमध्ये छापला गेला होता आणि तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नव्हतं. पुढे कोरिओलान पेत्रानु या रुमानियन विद्वानाने उलट बाजूने तोफ डागली की बार्टोक रुमानियन संगीतावर हंगेरियन प्रभाव लादतो. त्यालाही त्याने सविस्तर उत्तर दिलं. दोन्ही बाजूंचे राष्ट्रवादी एकाच माणसावर एकाच कारणासाठी चिडले, याहून मोठं प्रशस्तिपत्र संशोधकाला कुठून मिळणार?

आणि तरीही, तहानंतर अवघ्या तीन वर्षांनी, त्याने जे केलं त्याला मी धाडस म्हणेन. बुडा, पेस्ट आणि ओबुडा ही शहरं एक झाल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून १९२३ मध्ये नगरीने तीन संगीतकारांकडून नव्या रचना मागवल्या: दोह्नान्यी, कोदाय आणि बार्टोक. राज्य उजव्या राष्ट्रवादी होर्तींचं, हवा सगळी गमावलेल्या मुलुखाच्या शोकाची. बार्टोकने दिली 'नृत्यमालिका'. तिच्यातली एकही चाल उचललेली नाही, सगळ्या त्याच्या स्वतःच्या. पण पहिल्या नृत्यात अरबी वळण डोकावतं, चौथं तर पूर्ण अरबी अंगाचं, तिसऱ्यात हंगेरियन आणि रुमानियन ढंग आळीपाळीने येतात, आणि नृत्यांमधून पुन्हापुन्हा परतणारा धागा हंगेरियन. शेवटच्या भागात सगळे एकत्र नाचतात. स्लोव्हाक वळणाचं एक नृत्यही लिहिलं होतं, ते त्याने नंतर काढून टाकलं. राष्ट्रीय उत्सवाच्या मांडवात शेजाऱ्यांना, त्यातही नुकताच मुलूख घेऊन गेलेल्या शेजाऱ्यांना, पंगतीला बसवण्याचा हा प्रकार होता. पहिला प्रयोग पडला. दोन वर्षांनी प्राग शहरात तालिख या संचालकाच्या हाताखाली झेक वाद्यवृंदाने ती मालिका वाजवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

इथपर्यंत मी बार्टोकच्या बाजूने बोललो. एका बाबतीत मात्र तो स्वतःच शुद्धतेच्या आहारी गेला, आणि त्याबद्दल त्याला माफ करावंसं मला वाटत नाही. ती बाब म्हणजे कॉफीहाऊसमधल्या बँडांत वाजवणारे रोमा वादक, ज्यांना तेव्हा सरसकट जिप्सी म्हणत. लिस्टने १८५९ मध्ये पुस्तक लिहून हंगेरियन संगीताचं श्रेय या वादकांना दिलं होतं. बार्टोकने ते खोडून काढलं आणि त्यात त्याचं बरोबर होतं: कॉफीहाऊसमधल्या त्या चाली बहुतेक हंगेरियन सरदार-जमीनदार वर्गातल्या हौशी रचनाकारांच्या होत्या. पण सुरुवातीच्या वर्षांत तो याहून पुढे गेला. हे वादक खेड्यातलं गाणं बिघडवतात, शब्द सोडून देतात, नको तिथे हरकती घेतात, असं तो लिहीत असे. शेजाऱ्यांकडून होणारी उसनवारी त्याला समृद्धी वाटायची आणि रोमा वादकांकडून होणारी तीच उसनवारी भेसळ. का? ते पैसे घेऊन वाजवत म्हणून? शहरात वाजवत म्हणून? १९३१ च्या लेखात त्याचा सूर बराच निवळला आहे, पण पूर्ण नाही. आणि विसंगती पाहा: जगभर पियानो शिकणारी मुलं त्याच्या ज्या 'रुमानियन लोकनृत्यां'वर बोटं घासतात, त्यातल्या पहिल्याच, काठीच्या नृत्याची चाल बार्टोकने ऐकली ती दोन रोमा व्हायोलिनवाल्यांकडून. त्याच्या वह्यांना जे माहीत होतं ते त्याच्या लेखांना मान्य व्हायला वेळ लागला.

माझ्या युक्तिवादावरचा खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. लहान समूहांचं गाणं भिंत घातल्याशिवाय टिकतं का? मोठ्या, पैसेवाल्या, गोंगाटी संगीतापुढे ते मरतं, हे डोळ्यांसमोर घडतं. बार्टोकलाही तेच दिसत होतं, म्हणून तर त्याला इतकी घाई होती. जुन्या चाली फक्त म्हाताऱ्यांना येत होत्या आणि पोरं शहरातली गाणी म्हणत होती. पण त्याचं उत्तर काय होतं ते पाहावं. त्याने पोरांना शहरातली गाणी म्हणायला बंदी घाला असं सरकारला सांगितलं नाही. त्याने नळकांडी भरली. १९३४ मध्ये पियानो शिकवण्याची नोकरी सोडून तो विज्ञान अकादमीत बसला आणि वर्षानुवर्षं त्या चालींची जुळणी करत राहिला. जपणूक म्हणजे नोंद, आणि जो मागेल त्याला ती खुली. कुंपणाला पहारेकरी लागतो, आणि पहारेकऱ्याला कोण आत, कोण बाहेर हे ठरवण्याची चटक लागते.

आता त्याच्या आधुनिक रचनांकडे पाहिलं तर शुद्धतावाद्यांची आणखी पंचाईत होते. लोकचालीचा वापर करण्याच्या तीन तऱ्हा त्याने सांगितल्या. पहिली, चाल तशीच घेऊन तिला साथ बांधायची. दुसरी, तशी चाल स्वतः रचायची. आणि तिसरी, चाल कुठेच नाही, पण ते संगीत मातृभाषेसारखं अंगात भिनलेलं. त्याची सगळ्यात मोठी कामं तिसऱ्या तऱ्हेची आहेत. १९२८ चा चार तंतुवाद्यांसाठीचा चौथा स्ट्रिंग क्वार्टेट घ्या, तार इतकी ओढून सोडायची की ती पट्टीवर आपटून फटका वाजावा अशी छेडणारा. किंवा १९३६ ची तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि चेलेस्टा हे घंटांसारखं वाजणारं पट्ट्यांचं वाद्य यांसाठीची रचना, जिच्या सुरुवातीला व्हायोला दबक्या आवाजात सरपटत एक वेटोळी चाल आणतात. यात खेड्यातलं एकही गाणं सापडणार नाही. हे संगीत कोणत्या खात्याने कोणत्या देशाच्या नावावर नोंदवायचं? १९५० च्या सुमारास हंगेरीच्या साम्यवादी राजवटीने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. लोकगीतांचा बार्टोक जनतेचा म्हणून उचलून धरला, आणि 'अद्भुत मँडरिन' या मूकनाट्यासारख्या कृतींना रेडिओवरून रजा दिली. तोच 'मँडरिन' १९२६ मध्ये कोलोनच्या महापौराने, म्हणजे पुढे पश्चिम जर्मनीचा चान्सलर झालेल्या आडेनावरने, एका प्रयोगानंतर बंद पाडला होता. डावे असोत, उजवे असोत, कात्री तीच.

राज्यसत्तेशी वागायची त्याची रीत ठरलेली होती. ब्लूबिअर्डवरच्या त्याच्या ऑपेराचा लेखक बेला बालाझ १९१९ नंतर परागंदा झाला. लेखकाचं नाव गाळून ऑपेरा करू, असा प्रस्ताव आला तेव्हा त्याने नकार दिला आणि बुडापेस्टमध्ये तो ऑपेरा १९३६ पर्यंत पुन्हा झाला नाही. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या हाती गेल्यावर वंशाची चौकशी करणारा अर्ज त्याच्या आणि कोदायच्या हाती पडला. दोघांनी तो भरला नाही. बार्टोकने व्हिएन्नाचा प्रकाशक सोडून लंडनचा धरला. आई होती तोवर तो देश सोडेना. ती डिसेंबर १९३९ मध्ये गेली आणि पुढच्या ऑक्टोबरात तो अमेरिकेला निघाला. तिथे पोटापाण्याला कोलंबिया विद्यापीठाने काम दिलं ते पुन्हा शेजाऱ्यांचंच, सर्बो-क्रोएशियन गाण्यांची ध्वनिमुद्रणं कागदावर उतरवण्याचं. २६ सप्टेंबर १९४५ ला तो न्यूयॉर्कमध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला. तिसऱ्या पियानो कॉन्चेर्टोच्या शेवटच्या १७ मापांचं वाद्यवृंदासाठीचं लेखन राहूनच गेलं.

नंतर देशाने त्याला भरभरून दिलं. १९८३ मध्ये एक हजार फोरिंटच्या नोटेवर त्याचा चेहरा आला. १९८८ च्या जुलैमध्ये अस्थी न्यूयॉर्कहून आणून बुडापेस्टला शासकीय इतमामाने पुन्हा पुरल्या. हे सन्मान घेणाऱ्याची एक अट मात्र होती, ती त्याने निघण्यापूर्वी ४ ऑक्टोबर १९४० च्या मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. बुडापेस्टच्या ऑक्टोगॉन आणि कॉरॉन्द या चौकांना आत्ता ज्यांची नावं आहेत ती जोवर आहेत, आणि त्या दोघांच्या नावाचा एकही रस्ता किंवा चौक हंगेरीत आहे, तोवर माझं नाव कोणत्याही रस्त्याला, चौकाला, सार्वजनिक इमारतीला देऊ नये. ऑक्टोगॉनला तेव्हा मुसोलिनीचं नाव होतं, कॉरॉन्दला हिटलरचं. १९४५ मध्ये दोन्ही पाट्या उतरल्या. ऑक्टोगॉन बऱ्याच वळणांनी पुन्हा नुसता ऑक्टोगॉन झाला. कॉरॉन्दच्या पाटीवर आज कोदायचं नाव आहे.